पाटीवरचे नाव आणि फोटोखालचे नाव : हॅना मेनार्ड यांच्या स्टुडिओचा इतिहास

आठ मार्च जवळ आला की 'पहिली महिला' नावाची एक यादी सगळीकडे फिरू लागते. पहिली महिला डॉक्टर, पहिली महिला वैमानिक, पहिली महिला छायाचित्रकार. यादीतली माहिती बहुतेक वेळा खरीच असते. आमचा आक्षेप माहितीला नाही, ती जिथे थांबते त्या जागेला आहे. सावित्रीमाईंना 'पहिली शिक्षिका' या दोन शब्दांत बसवले की पुढचे काही सांगावे लागत नाही. त्यांनी अस्पृश्यांच्या मुलामुलींसाठी शाळा चालवल्या, त्याच शाळांतून मातंग समाजातली चौदा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहून गेली, हे मग आपोआप गळते. 'पहिली' हा शब्द सत्काराचा आहे. सत्कार झाला की प्रश्न विचारणे अशिष्टपणाचे ठरते.

आम्ही ते अशिष्टपण करणार आहोत, आणि त्यासाठी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर बेटावर व्हिक्टोरिया नावाचे शहर आहे. तिथे १८६२ सालापासून पुढे पन्नास वर्षे एका बाईने पोर्ट्रेट फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवला. तिचे नाव हॅना मेनार्ड. ती जगातली पहिली नव्हे. जर्मनीत लाइपझिगला बर्था वेनर्ट-बेकमान १८४० च्या दशकापासूनच हा धंदा करत होत्या. पण ब्रिटिश कोलंबियातल्या सुरुवातीच्या व्यावसायिक स्त्री छायाचित्रकारांत हॅनाबाईंचे नाव सर्वांत वर घेतले जाते आणि ते योग्यच आहे.

आधी त्यांचे मोठेपण नीट समजून घेऊ. १८३४ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या बूड या समुद्रकाठच्या गावी जन्म. १८५२ साली रिचर्ड मेनार्डशी लग्न झाले आणि त्याच वर्षी दोघे कॅनडाला गेले. रिचर्डचा धंदा बूट-चपला शिवण्याचा. बोमनव्हिल या गावात त्याने दुकान टाकले. फ्रेझर नदीवर सोने सापडल्याची बातमी आली तसा तोही हजारो माणसांसारखा सोन्याच्या मागे पश्चिमेला गेला. घरी चार मुले. हॅनाबाई त्या काळात फोटोग्राफी शिकल्या. पुढे १८६२ साली कुटुंब व्हिक्टोरियाला आले, रिचर्ड पुन्हा सोने शोधायला निघाला आणि बाईंनी जॉन्सन स्ट्रीटवर स्टुडिओ उघडला.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांनी थांबून बघावी. चामड्याचे काम करणाऱ्याची बायको गावात स्टुडिओ टाकते आणि गावातले प्रतिष्ठित लोक तिच्यासमोर येऊन बसतात. पुढे एकाच इमारतीत नवऱ्याचे बुटांचे दुकान आणि बायकोची फोटो गॅलरी चालत होती. तिथे चांभारकाम हा धंदा होता, जात नव्हती. आपल्याकडे १८६२ साली हे शक्य होते का, हा प्रश्न विचारण्याचीसुद्धा गरज नाही. गरिबीतून वर येणे आणि जातीतून वर येणे यांत काय फरक आहे हे ज्यांना अजून समजावून सांगावे लागते, त्यांच्यासाठी हे एक उदाहरण पुरे.

काम सोपे नव्हते. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काच घासून लख्ख करायची, तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतून सगळीकडे सारखे पसरवायचे, अंधारखोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ती बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, फोटो घ्यायचा आणि लगेच परत अंधारखोलीत नेऊन धुवायची. काच वाळली की काम फुकट. म्हणजे सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कोलोडियनमध्ये ईथर असे. त्याच्या वासाने डोके जड व्हायचे आणि ठिणगी पडली तर खोली पेटायची. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत आणि ते डाग दिवसेंदिवस जात नसत. छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप देऊन तयार केलेला असे, आणि छपाई उन्हात ठेवून करावी लागे. समोरच्या माणसाला काही सेकंद हलायचे नाही, म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. लहान मूल असेल तर देवाचे नाव घ्यायचे. हॅनाबाईंची ख्याती नेमकी मुलांच्या फोटोंबद्दल होती, यावरून त्यांच्या हाताची कल्पना करावी.

(१८८० च्या सुमारास कोरड्या प्लेट बाजारात आल्या. त्यांच्यावर जिलेटिनचा थर असे, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. आपल्याकडे कातड्याला हात लावणारा अस्पृश्य ठरला आणि जिलेटिनच्या प्लेटला हात लावणारा कलावंत. विटाळ वस्तूत नसतो, माणसाच्या जन्मावर चिकटवलेला असतो, हे फोटोग्राफीच्या इतिहासातूनही सिद्ध होते.)

रिचर्डला फोटोग्राफी हॅनाबाईंनीच शिकवली. तो पुढे किनाऱ्याने फिरून निसर्गदृश्ये आणि मूळ निवासींची गावे टिपू लागला. स्टुडिओ मात्र बाईंचा. असे असूनही स्टुडिओच्या पाटीवर काय होते? 'मिसेस आर. मेनार्ड्स फोटोग्राफिक गॅलरी'. शिकवणारी ती, गिऱ्हाईक सांभाळणारी ती, आणि पाटीवर नवऱ्याचे आद्याक्षर. 'हॅना' हे नाव पाटीवर नाही. फोटोच्या पाठीमागे तर कधी कधी नुसता 'आर. मेनार्ड' असा शिक्का पडे, त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांना कोणता फोटो कोणाचा हे ठरवताना डोके खाजवावे लागले. पुरुषसत्ता बाईला कामाला लावते आणि श्रेय आपल्या खात्यावर जमा करते, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

१८८३ साली त्यांची सोळा वर्षांची धाकटी मुलगी लिली टायफॉइडने गेली. पुढच्या काही वर्षांत आणखी एक मुलगी गेली, मग सून. या काळानंतर हॅनाबाईंनी जे फोटो केले ते आजही पाहणाऱ्याला चक्रावून टाकतात. एकाच प्लेटवर स्वतःलाच दोन-तीन वेळा टिपायचे. एका फोटोत चहाच्या टेबलाशी दोन हॅनाबाई आहेत आणि भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीतून तिसरी हॅनाबाई बाहेर वाकून खालच्या हॅनाबाईच्या डोक्यावर चहा ओतते आहे. संगणक नाही, काही नाही. लेन्सचा भाग झाकून एकाच प्लेटवर पुन्हा पुन्हा फोटो घ्यायचा, आणि कुठेही जोड दिसू द्यायचा नाही. १९८० साली क्लेअर वाइसमन विल्क्स यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहून त्यांना विस्मृतीतून बाहेर काढले. त्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच त्यांना विक्षिप्त प्रतिभावंत म्हटले आहे. स्त्रीवादी कलेतिहासाने नंतर हे फोटो डोक्यावर घेतले. घ्यावेत. आम्हालाही ते आवडतात.

आता दुसरी बाजू.

१८६२ हे साल नुसते स्टुडिओ उघडल्याचे साल नाही. त्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या एका जहाजातून व्हिक्टोरियात देवीची साथ उतरली. शहराभोवती उत्तरेकडून व्यापारासाठी, मजुरीसाठी आलेल्या हैदा, त्सिमशियान आणि इतर मूळ निवासी लोकांच्या वस्त्या होत्या. साथ पसरली तेव्हा वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी या लोकांना टोचून, वेगळे ठेवून वाचवले नाही. वस्त्या उठवल्या, झोपड्या जाळल्या आणि आजारी माणसांना त्यांच्या होड्यांसकट उत्तरेकडे हाकलले. होड्यांबरोबर रोग किनाऱ्यावरच्या गावागावांत गेला. या किनाऱ्यावरच्या मूळ निवासींपैकी निम्म्याच्या आसपास माणसे मेली असावीत असे अंदाज आहेत. गावेच्या गावे ओस पडली. शहर मात्र वाढत राहिले. वाढणाऱ्या शहरातल्या माणसांना आपले फोटो हवे होते, आणि ते मायदेशी पाठवायलाही हवे होते. हॅनाबाईंच्या धंद्याला तेजी होती ती या जमिनीवर.

त्या काळी व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे फोटो डझनाने विकले जात. माणसे स्वतःचे काढून घेत आणि दुसऱ्यांचे विकतही घेत. मेनार्ड स्टुडिओत मूळ निवासी स्त्री-पुरुषांचे असे फोटो विक्रीला असत. प्रवासी ते आठवण म्हणून नेत. टोपली विकणारी बाई, घोंगडी पांघरलेला म्हातारा. खाली नाव नसे, 'इंडियन बाई' अशा धर्तीची ओळ असे. गोऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो त्याच्या नावाने वहीत नोंदला जाई, कारण तो गिऱ्हाईक होता. या बाईचा फोटो 'प्रकार' म्हणून विकला जाई, कारण ती माल होती. तीच खोली, तोच कॅमेरा, तीच प्रतिभावंत फोटोग्राफर.

याच्याही पुढे जाऊन स्टुडिओत काढलेल्या मूळ निवासी माणसाची आकृती कापून ती रिचर्डने काढलेल्या गावाच्या दृश्यावर चिकटवली जाई आणि नवा फोटो तयार होई. म्हणजे माणूस व्हिक्टोरियाच्या रस्त्यावर काम करणारा, बाजारात वावरणारा. फोटोत तो कुठल्या तरी दूरच्या, जुन्या, संपत चाललेल्या गावात उभा. आधुनिक शहरात त्याची जागाच नाही असे कात्री आणि डिंक वापरून ठरवले गेले. रिचर्डने १८८४ साली ज्या हैदा गावांचे फोटो काढले, त्यांतली कित्येक घरे देवीच्या साथीने रिकामी झालेली होती. पाहणाऱ्याला ती 'प्राचीन' वाटावीत अशी सोय होती.

हे वाचून कुणी म्हणेल, हा तिकडचा प्रश्न. मुळीच नाही. आमच्या मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या सरकारी नोकराने नेमके हेच केले. त्याचे मुंबईतल्या जाती-जमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, आकृत्या कापायच्या, दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायच्या आणि खाली नाव लिहायचे ते माणसाचे नव्हे, जातीचे. १८६८ ते १८७५ या काळात निघालेले 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड याच जातकुळीचे. जात ही जणू चेहऱ्यावर, पागोट्यावर, लुगड्याच्या घोळावर वाचता येते, असे या पुस्तकांनी साहेबाला शिकवले. पुढे रिस्लेसारख्यांनी नाके मोजली. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांच्या त्याच मोजमापांचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत असे दाखवले. ज्या फूटपट्टीने आम्हाला मोजले त्याच फूटपट्टीने तिचा सिद्धांत मोडला.

नाव न लिहिणे ही किरकोळ गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढावा. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक, असे तिथे स्वच्छ सांगितले आहे. आमच्या पणज्यांची नावे कचरी, धोंडी, दगडी का होती याचे उत्तर अंधश्रद्धेत शोधणाऱ्यांनी तेही वाचावे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात आमच्या नावांचाही निकाल लावलेला होता.

परत व्हिक्टोरियात जाऊ, कारण हॅनाबाईंचे सर्वांत गाजलेले काम अजून सांगायचे राहिले आहे. १८८० च्या दशकाच्या आरंभापासून त्या दरवर्षी नववर्षाला एक शुभेच्छापत्र काढत. वर्षभरात स्टुडिओत आलेल्या सगळ्या मुलांचे चेहरे कापून, एकाला एक लावून केलेले ते एकच चित्र असे. पुढच्या वर्षीच्या चित्रात आधीच्या वर्षांची चित्रे बारीक करून बसवलेली. असे करत करत चेहरे हजारोंवर गेले. त्याला त्यांनी 'ब्रिटिश कोलंबियाची रत्ने' असे नाव दिले होते. अमेरिकेतल्या फोटोग्राफीच्या मासिकात त्याचे कौतुक छापून आले. मेहनत अफाट, आणि मुलगी गमावलेल्या आईच्या हातचे म्हणून बघितले तर गलबलून येते. पण ही रत्ने प्रामुख्याने वसाहतवाल्यांची मुले होती. कॅरल विल्यम्स या इतिहासकार बाईंनी मेनार्ड यांचे फोटो या अंगाने तपासले आहेत: एका बाजूला गोंडस, भरघोस, दर वर्षी वाढत जाणारी गोरी बाळे, दुसऱ्या बाजूला ओस गावे आणि निनावी म्हातारी माणसे. दोन्ही चित्रे एकाच पत्त्यावरून जगात जात होती. हा देश आता कोणाचा, हे सांगायला वेगळ्या जाहिरातीची गरज राहिली नाही.

आणि एका ठिकाणी मात्र नावे लिहिली गेली. १८९७ ते १९०२ या काळात हॅनाबाई व्हिक्टोरिया पोलिसांच्या फोटोग्राफर होत्या. कैद्याच्या खांद्याशी आरसा लावून समोरचा आणि बाजूचा चेहरा एकाच फोटोत घेण्याची युक्ती त्या वापरत. या कैद्यांत गोरे होते तसे मूळ निवासी आणि चिनी मजूरही होते. तेच चिनी, ज्यांच्यावर कॅनडाने १८८५ साली माणशी पन्नास डॉलरचा डोईपट्टी कर बसवला होता. पोलिसांच्या वहीत प्रत्येकाचे नाव आहे. टोपली विकताना जी बाई निनावी होती, तिच्या भाऊबंदाला बेडी घालताना नाव लागले. आमच्या भटक्या-विमुक्त बांधवांना हे समजावून सांगावे लागणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांचीही नावे अशीच काळजीपूर्वक लिहून घेतली होती, हजेरीसाठी.

मग हॅनाबाई दुष्ट होत्या काय? असे आम्ही म्हणत नाही. त्या त्यांच्या समाजातल्या कष्टाळू, हुशार बाई होत्या आणि त्यांनी जे केले ते त्या काळातल्या बहुतेक गोऱ्या फोटोग्राफरांनी केले. आमचा मुद्दा एवढाच की कॅमेऱ्यामागे बाई उभी राहिली म्हणून कॅमेऱ्याची नजर बदलली नाही. स्वतःचे नाव नवऱ्याच्या आद्याक्षराखाली गेलेल्या बाईला दुसरीचे नाव पुसताना काही खटकले नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रिया वेगळे का बोलतात यावर लेख लिहिला तेव्हा अनेक सवर्ण स्त्रीवाद्यांना तो फूट पाडणारा वाटला. फूट आधीच होती, स्टुडिओच्या खोलीत ती स्पष्ट दिसते.

आपल्याकडचेच बघा. हैदराबादला लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपवला. स्त्रियांचा स्टुडिओ म्हणून याचेही कौतुक होते. पण परपुरुषाच्या नजरेला न पडणे ही ज्यांची प्रतिष्ठा होती, त्यांच्यासाठी तो होता. आमच्या बाया रस्त्यावर खडी फोडत होत्या, गावचे मेलेले जनावर ओढत होत्या, आणि कित्येक ठिकाणी त्यांना अंग झाकून घेण्याचाही हक्क नव्हता. त्यांना कोण विचारतो, बाई, तुमचा फोटो तुम्हाला कसा हवा? वस्तीत काम करताना आम्ही म्हाताऱ्या आयांना तरुणपणीचा फोटो आहे का असे विचारतो, तेव्हा बऱ्याच जणी मतदार ओळखपत्र काढून दाखवतात. त्याआधीचा फोटोच नाही.

असे नाही की त्या काळात दुसरा रस्ताच नव्हता. अमेरिकेत सोजर्नर ट्रुथ या गुलामगिरीत जन्मलेल्या काळ्या बाईंनी त्याच व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोचा वेगळा उपयोग केला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आपला फोटो कसा असावा हे त्यांनी ठरवले: नीटनेटका पोशाख, डोक्याला पांढरी टोपी, हातात विणकाम. १८६४ साली त्यांनी त्या फोटोंचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नावावर नोंदवला, जो एरवी फोटोग्राफरकडे जात असे. सभांमध्ये ते फोटो विकून त्या स्वतःचा आणि चळवळीचा खर्च भागवत. गुलामगिरीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनीही जन्मभर जाणीवपूर्वक फोटो काढून घेतले. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेल्या अमेरिकन माणसांत त्यांची गणना होते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन चळवळीला अर्पण केली तीच ही चळवळ. कोट-टाय घातलेल्या बाबासाहेबांच्या फोटोला नाके मुरडणाऱ्यांना त्या फोटोची परंपरा कुठे जुळते हे माहीत नसते. आमच्या घरात बुद्धाशेजारी तो फोटो लागतो तेव्हा भिंतीवर प्रथमच आमच्यातला एक माणूस नावासकट, पदवीसकट उभा असतो.

व्हिक्टोरियाच्या मूळ निवासींनीही सगळे निमूट सोसले असे समजू नये. त्यांतले काही जण स्वतः पैसे देऊन, आपल्या पसंतीच्या कपड्यांत फोटो काढून घ्यायला स्टुडिओत येत. मात्र तो फोटो पुढे कुठे जाईल, कोणत्या नावाने विकला जाईल, यावर त्यांची सत्ता नव्हती.

मताचा हिशेबही बोलका आहे. ब्रिटिश कोलंबियात स्त्रियांना प्रांतिक मताधिकार १९१७ साली मिळाला, म्हणजे हॅनाबाईंच्या हयातीत. त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मूळ निवासींच्या वंशजांना तो १९४९ साली मिळाला आणि देशाच्या संसदेसाठीचा १९६० साली. भारताच्या संविधानाने २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला जो हक्क एका फटक्यात दिला, त्यासाठी कॅनडाच्या मूळ निवासींना आणखी दहा वर्षे थांबावे लागले.

व्हिक्टोरियाच्या बंदराच्या पलीकडे साँगीज लोकांची राखीव वस्ती होती. शहराला ती जागा हवी होती. १९११ साली ती वस्ती तिथून उठवून एस्किमॉल्टला हलवली. पुढच्याच वर्षी हॅनाबाईंनी धंदा बंद केला आणि गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस केव्हा ना केव्हा आपल्या स्टुडिओत येऊन गेला असे वर्तमानपत्राला सांगितले. १९१८ साली त्या वारल्या. त्यांच्या काचा आणि फोटो व्हिक्टोरियाच्या प्रांतिक पुराभिलेखागारात जपून ठेवले आहेत. मूळ निवासी समाजांतले लोक आता असे जुने फोटो बघतात, चेहऱ्यावरून, दागिन्यावरून, पांघरलेल्या वस्त्रावरून आपली माणसे ओळखतात आणि नावे सांगतात. छायाचित्रकाराच्या रकान्यात आता हॅना मेनार्ड असे पूर्ण नाव लागते. बसलेल्या माणसाचा रकाना मात्र अनेक फोटोंपुढे अजून भरायचा आहे.